तसबीर आणि काच

निवृत्तीनंतर काय करणार, असा प्रश्न आपल्या स्नेहसंमेलनात कोणी विचारला की मी 'वाचन' असे सभ्य उत्तर देत असे. २०२३ च्या दिवाळीत दवाखाना धाकट्या सहकाऱ्याकडे सोपवला आणि महिन्याभरातच कळून चुकले की, वाचनाने वेळ जातो, पण हात रिकामेच राहतात. तीस वर्षे तान्ह्या बाळांच्या केसासारख्या शिरा शोधण्याची सवय झालेले हे हात काहीतरी बारीक काम मागत होते.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत भिंतीवर तसबिरी असायच्याच. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे करवून घेतली. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि तेथील रंगीत शिळाछापांतून लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या घरी पोहोचल्या. आमच्याकडेही अशी एक सरस्वती होती. तिची चौकट सांध्यात निखळली म्हणून मांडवीच्या बाजूला एका वृद्ध फ्रेमवाल्या काकांकडे गेलो, आणि दुरुस्तीऐवजी शिकवणीच मागून बसलो.

पहिली चौकट लहान झाली. चित्राच्या चार बाजूंची बेरीज करून तेवढीच पट्टी कापली होती. कोपरे ४५ अंशांत कापले जात असल्यामुळे प्रत्येक बाजूला दोन्ही टोकांशी पट्टीच्या रुंदीइतकी लांबी जास्त लागते. म्हणजे एकूण रुंदीच्या आठपट, शिवाय करवतीला जाईल ते वेगळे. १२ बाय १० इंची चित्राला एक इंची पट्टी ४४ नव्हे, ५२ इंच धरावी. आयुष्यभर वजनावरून औषधाची मात्रा काढणाऱ्या माणसाची अशी चूक व्हावी, याचे काकांना फार कौतुक वाटले. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्यास गुण्या लावावाच, पण दोन्ही कर्ण मोजून सारखे भरले की अधिक खात्री होते. काकांची एक गोष्ट मात्र मी कानाआड केली. काच पुसताना ते म्हणत, "साहेब, काच तो बीजो आवशे, फोटो बीजो नहीं आवे."

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला. आईच्या तळमजल्यावरील घरात कमरेइतके पाणी होते. ओसरल्यावर आठवड्याने मी भिंतीवरचा आई-बाबांचा १९६५ चा लग्नाचा फोटो उतरवला. बाबांना जाऊन बारा वर्षे झाली. दोघांचा त्या वयातला तेवढाच फोटो. तो वाळून काचेला चिकटला होता. मी नवशिक्या आत्मविश्वासाने एक कोपरा धरून ओढला. कागद सुटून आला. आईचा चेहरा काचेवरच राहिला.

आई शेजारीच बसली होती. "अरे, पोरांना सुई टोचताना तुझा हात कधी हलला नाही. इथे कसली घाई होती?" एवढेच म्हणाली. तिला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. कारण ती घाई नव्हती, ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा भास होता. रुग्णाच्या बाबतीत तो टाळायला मला बरीच वर्षे लागली होती.

मग मुळापासून वाचले. छायाचित्राचा पृष्ठभाग जिलेटिनचा असतो. ओलाव्याने तो फुगतो व काच टेकलेली असेल तर वाळताना तिला धरून बसतो. म्हणून काच आणि फोटो यांत माउंटचे अंतर हवे. पुरात भिजलेला फोटो ओला असतानाच चौकटीतून काढून स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवावा, चित्राच्या बाजूस बोट न लावता उताणा वाळवावा. वाळून चिकटला असेल तर ओढू नये. काचेवरूनच त्याचे चित्र घेऊन ठेवावे व काचेसह सांभाळावा. मागे साधा पुठ्ठा किंवा प्लायवूड ठेवल्यास त्यातील आम्लाने कागद पिवळा पडतो. सेलोटेप तर लावूच नये. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंतीशी हवा खेळते. पावसाळ्यात बुरशीला तेवढा अटकाव पुष्कळ.

त्या पावसाळ्यानंतर ओळखीच्या पंचवीसेक घरांतील तसबिरी माझ्या टेबलावर येऊन गेल्या. पैसे घेत नाही. पट्टी-काचेचा खर्च तेवढा घेतो. चिकटलेला एकही फोटो मी सोडवलेला नाही.

आमच्या फोटोसाठी मात्र नियम मोडला. माउंट घातला नाही. चेहरा धरून बसलेली ती जुनी काच न पुसता, कागदावर खुणा जुळवून पुन्हा बसवली आणि सागवानी पट्टीची नवी चौकट केली. दारातून पाहणाऱ्याला काही कळत नाही. आई जवळ जाऊन, चष्मा सरसावून म्हणाली, "मी जरा बाबांकडे सरकलेय."

मोजून पाहिले. एक मिलिमीटर.