घोळणा फुटणे, अंगावरून जाणे : उष्णता की रक्तातला दोष?

उन्हाळा लागला की पोरांचा घोळणा फुटतो. आपण डोक्यावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो आणि 'उष्णता झाली' म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसतेही. परंतु घोळणा वरचेवर फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबता थांबत नसेल आणि त्याच घरात आईला किंवा आत्याला पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जात असेल, तर हा सारा एकाच दोषाचा प्रकार असू शकतो.

१९२४ साली फिनलंडचे डॉक्टर एरिक व्हॉन विलेब्रँड यांच्याकडे ऑलंड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी आली. तिच्या घरात पुरुषांना तसाच बायकांनाही रक्तस्रावाचा त्रास होता. डॉक्टरांनी १९२६ मध्ये ही हकीकत छापली. ती मुलगी मात्र न्हाण आल्यावर चौथ्याच पाळीत रक्त जाऊन दगावली. त्या आजाराला पुढे डॉक्टरांचेच नाव पडले.

पाट फुटला तर नुसते दगड टाकून भागत नाही, चिखलही लागतो. रक्तातल्या प्लेटलेट म्हणजे दगड. त्यांना शिरेच्या फुटक्या जागी चिकटवणारे एक प्रथिन या आजारात कमी पडते, नाहीतर निकामी असते. म्हणून प्लेटलेटची संख्या बहुधा ठीक येते नि आजार निसटतो. त्याची तपासणी वेगळी असते. रक्तविकारतज्ज्ञ ती सांगतात.

आता खरा मुद्दा. अंगावरून फार जाते म्हणून पिशवी काढून टाकण्याची आपल्याकडे घाई होते. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या महिलांचा हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळातही गाजला. पिशवी काढली तरी रक्तातला दोष राहतोच, आणि तो माहीत नसताना शस्त्रक्रिया केली तर टेबलावरच रक्त आवरेनासे होते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारख्या गोळ्यांनी पुष्कळदा रक्त आटोक्यात येते, पण त्या डॉक्टरांनीच द्याव्यात. पोट दुखते म्हणून ॲस्पिरिन तर परस्पर देऊच नये.

तासातासाला कपडा बदलावा लागणे, मोठ्या गाठी पडणे, चालताना धाप लागणे, हे सासूबाईंनी 'बायकांचे असतेच' म्हणून सोडू नये. डॉक्टरांना माहेरची हकीकत सांगावी, बापाकडचीही.

घोळणा फुटल्यावर मान मागे टाकू नये. पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटे न सोडता चिमटीत धरावा. अर्ध्या तासात थांबले नाही तर थेट दवाखाना गाठावा.