टीव्हीच्या मापाचा हॉल

१९८२च्या ऑगस्टमध्ये दूरदर्शन रंगीत झालं. पुढे काही वर्षांतच चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना आला. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता '१४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता' असा. माझा नवरा तिथं कामाला होता. ज्या वस्तूवर पगार चालतो ती घरात मानानंच बसणार! त्यामुळं आमच्या संसारात हॉलची मापं टीव्हीनं ठरवली, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा घर माळवदाचं होतं. लाकडी खांब, कोनाडे, खुंट्या, माजघरात बळद आणि उतरंड. सामान तेव्हाही काही कमी नव्हतं, पण त्याची सोय भिंतीतच होती. नव्वदच्या दशकात माळवद उतरवून स्लॅब टाकला आणि कोनाडे-खुंट्या त्या मातीबरोबरच गेल्या. कोऱ्या भिंतीवर काय करायचं? शोकेस. सुताराला माप दिलं ते एकवीस इंची संचाचं. पिक्चर ट्यूबचा तो डबा मागे एवढा लांब, की शोकेस दोन फूट खोल झालं. मग बाजूचे कप्पे रिकामे कसे ठेवायचे? रुखवतातली बदकं, सत्काराच्या ट्रॉफ्या, प्लॅस्टिकची फुलं, न वापरलेला टी-सेट सगळं तिथं जाऊन बसलं. घरात अडगळ मुळात कप्प्यांमुळं होते, असं माझं ठाम मत आहे.

पुढे सनमायका बदलला, पीओपी झालं, सोफा आला. खर्च दर वेळी हॉलवर, कारण पाहुणे तिथं बसतात. ठरवायचे हे, आवरायची मी. स्वयंपाकघराला फार तर डिस्टेंपरचा एक हात.

तिथल्या पसाऱ्याचं कारणही वेगळं. नाथसागर जलाशय एवढ्या जवळ, पण नळाचा नेम नाही. म्हणून ड्रम, हंडे, कळशा. आनंद देत नसेल ती वस्तू काढा, असं जपानच्या मारी कोंडोबाई सांगतात. २०१९मध्ये त्यांचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला आणि मुलीनं तो मला हौसेनं दाखवला. पितळी हंडा आनंद देतो का, हे मला मे महिन्यात विचारावं.

भिंतीवरचा चपटा टीव्ही आला तसं शोकेस निरुपयोगी झालं. तरी जुना संच माळ्यावर चढला, खोका आणि थर्मोकोलसकट. २०१८च्या जूनमध्ये व्हिडिओकॉनचं प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात दाखल झालं, तेव्हा तर तो काढायचा विषयच नको, असं यांनी सांगून टाकलं. मीही ताणलं नाही. ज्या हातांनी संच जोडले, त्यांनाच ते भंगारात द्या कसं म्हणायचं?

मग २०२०ची टाळेबंदी. दोघंही दिवसभर घरात. पहिल्यांदाच हे ओट्याशी रोज उभे राहू लागले आणि आठवड्यात कंबर धरली. ओटा बुटका आहे, मसाल्याच्या डब्याला वाकावं लागतं, उजेड पाठीमागून येतो हे सगळं अचानक यांना दिसायला लागलं. टाळेबंदी उठली तसा गवंडी आला. ओटा उंच झाला, खाली ट्रॉल्या बसल्या, खिडकी मोठी झाली. हंड्यांना कडप्प्याची वेगळी मांडणी मिळाली. शोकेसचं लाकूड सुतारानं ट्रॉल्यांच्या चौकटींना वापरलं. माळाही त्याच वेळी रिकामा केला. संच यांनी स्वतः खाली उतरवला.

तुमच्याही माळ्यावर ट्यूबचा टीव्ही असेल तर तो हातगाडीवाल्याला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं आणि फोडला की ते मातीत जातं. देशात ई-कचऱ्याचे नियम २०१२पासून लागू आहेत. नोंदणीकृत केंद्रातच तो द्या. आणि दिवाळीआधी सुताराला बोलावलंत, तर त्याला आधी स्वयंपाकघर दाखवा. हॉल थांबेल.