गाठीच्या वेशीवर थबकलेल्या पेशी

कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार यांच्या जोडीला गेल्या दशकात एक निराळा उपचार आला आहे. त्यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी, म्हणजे विषाणूंनी ग्रासलेल्या व बिघडलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांत नवे जनुक बसवले जाते आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशी शिरेवाटे पुन्हा शरीरात सोडल्या जातात. या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम प्रथिन तयार होते. त्याचे बाहेरचे टोक कर्कपेशीवरील ठरावीक खूण ओळखते, तर आतले टोक पेशीला हल्ल्याचा आदेश देते. अशा पेशींना ‘कार-टी पेशी’ म्हणतात.

भारतातील असा पहिला स्वदेशी उपचार महाराष्ट्रात साकारला. पवईच्या आयआयटीतील राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या, इम्युनोॲक्ट या कंपनीच्या ‘नेक्सकार19’ला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. 64 रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार मूल्यमापन झालेल्यांपैकी सुमारे 73 टक्के रुग्णांना उपचार लागू पडला. मात्र हे सारे रुग्ण बी-पेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, रक्त व लसिका कर्करोगाचे होते. ग्रामीण महाराष्ट्रात वारंवार आढळणारे तोंडाचे, स्तनाचे व गर्भाशयमुखाचे कर्करोग गाठीचे असतात आणि नेमके तेथेच या पेशींचे घोडे अडते.

पहिली अडचण खुणेची आहे. बी-पेशींवरील ‘सीडी19’ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, परंतु त्या नष्ट झाल्या तरी बाहेरून प्रतिपिंडे देऊन रुग्णाला सांभाळता येते. गाठीच्या खुणा मात्र फुप्फुस, यकृत यांसारख्या अवयवांवरही अल्प प्रमाणात आढळतात आणि त्यांचा नाश परवडणारा नसतो. अमेरिकेत आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाला ‘हर-2’ ही खूण ओळखणाऱ्या सुमारे 1,000 कोटी पेशी देण्यात आल्या, तेव्हा 15 मिनिटांत त्याला श्वास घेणे कठीण झाले आणि पाच दिवसांनी तो दगावला. फुप्फुसाच्या पेशींवरील त्याच खुणेच्या तुरळक अस्तित्वामुळे हे घडले असावे, असे 2010 च्या अहवालात नोंदले गेले. दुसरी अडचण अशी की, एकाच गाठीतील सगळ्या पेशींवर ती खूण नसते, त्यामुळे खूण नसलेल्या पेशी वाचतात आणि पुन्हा वाढतात. तिसरी अडचण गाठीच्या अंतर्भागाची: दाट तंतुमय आवरण, प्राणवायूची टंचाई आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी रसायने यांमुळे टी-पेशी आत पोहोचत नाहीत आणि पोहोचल्या तरी लवकरच निष्प्रभ होतात.

यावर दोन खुणा एकत्र आढळल्या तरच हल्ला करणाऱ्या, किंवा गाठीतील लगाम झुगारणाऱ्या पेशी घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी, गाठीतूनच काढून वाढवलेल्या टी-पेशींना, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या दुर्मीळ कर्करोगासाठी जनुक बदललेल्या टी-पेशींना मान्यता मिळाली. चीनमध्ये जठराच्या प्रगत कर्करोगावर ‘क्लॉडिन 18.2’ ही खूण ओळखणाऱ्या कार-टी पेशींची चाचणी झाली. तिचे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, रोग न बळावता गेलेला मध्यक काळ प्रचलित उपचारांच्या 1.77 महिन्यांवरून 3.25 महिन्यांवर गेला. वाट सापडली आहे, पण पल्ला लांबचा आहे, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

म्हणूनच गाठीच्या कोणत्याही कर्करोगावर ‘पेशी-उपचारा’ची हमी देणाऱ्या जाहिरातीला भुलून जमीनजुमला विकण्यापूर्वी, तो उपचार मान्यताप्राप्त आहे की नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे, याची खातरजमा मान्यवर कर्करोग केंद्रात करावी. गाठीविरुद्ध आज हाती असलेले साधन याच राज्यात सिद्ध झाले आहे: धाराशिव जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी ज्या गटाची करण्यात आली त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. प्रयोगशाळेतील पेशी गाठीची वेस ओलांडेपर्यंत तंबाखू सोडणे आणि वेळेवर तपासणी करून घेणे, यांना पर्याय नाही.