काचेची तार गावात येते तेव्हा

२०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीची बातमी राज्यभर गाजली. घरात रेंज मिळेना, म्हणून घरच्यांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि भर पावसात तिने तिथूनच ऑनलाइन तास केले. तेव्हापासून बऱ्याच गावांत रस्त्याकडेला चर खणले गेले, विजेच्या खांबांवरून बारीक काळी केबल धावू लागली. ‘आपल्याकडे फायबर आलं’ हे वाक्य पारावर ऐकू येऊ लागलं आणि ‘मग नेट का चालत नाही?’ हा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ आला.

दोन्ही वाक्यांत एक घोटाळा आहे. फायबर म्हणजे मुंबईहून थेट आपल्या मोबाइलपर्यंत आलेली एकच तार, असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात ती साखळी आहे. तालुक्याहून ग्रामपंचायत, तिथून वाडी, वाडीहून घर आणि घरात शेवटची खोली. प्रत्येक कडी वेगळी, तिचा मालक वेगळा आणि तिचं दुखणंही वेगळं. बहुतेक गैरसमज एका कडीचं बिल दुसरीवर फाडल्याने होतात.

गैरसमज : पंचायतीत फायबर आला, म्हणजे गावात नेट आलं

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११मध्ये ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ मंजूर केलं. २०१५मध्ये त्याचं नाव ‘भारतनेट’ झालं. उद्दिष्ट होतं सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचं, प्रत्येकीला किमान १०० एमबीपीएस देण्याचं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर २०१७पर्यंत जोडल्या गेल्या. दुसऱ्या टप्प्याचं काम महाराष्ट्रात राज्य सरकारने ‘महानेट’ या नावाने हाती घेतलं.

उद्दिष्ट पंचायतीचं होतं, हे इथे नीट वाचायला हवं. तालुक्याच्या ठिकाणापासून पंचायत कार्यालयातल्या पेटीपर्यंत केबल पोचली की सरकारी कागदावर ती पंचायत ‘सेवेसाठी सज्ज’ ठरते. त्या पेटीतून पुढे घरोघर जोडणी देणं हे निराळं काम. त्याला खांब लागतात, माणूस लागतो आणि दरमहा पैसे भरणारी गिऱ्हाइकं लागतात.

शिवाय पंचायत म्हणजे गाव नव्हे. देशात गावं सहा लाखांहून अधिक, पंचायती अडीच लाखांच्या आसपास. कोकणातल्या एखाद्या गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या डझनभर वाड्या येतात. कार्यालय खालच्या रस्त्यावर, वाडी वर तीन किलोमीटरवर. कार्यालयातला फायबर त्या वाडीला दिसतो, पण वापरता येत नाही.

ही उणीव ओळखून ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. त्यात पंचायतींच्या पलीकडच्या सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी आणि दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर हे उद्दिष्ट आहे. शेवटच्या टप्प्यासाठी ‘भारतनेट उद्यमी’ ही पद्धत आहे. गावातला किंवा शेजारचा तरुण घरोघर जोडणी देतो, दुरुस्ती करतो आणि मिळणाऱ्या पैशात वाटा घेतो. बरेचदा तो पूर्वीचा टीव्ही केबलवालाच असतो. कोणत्या घराला कुठल्या आंब्याच्या झाडावरून वायर नेता येईल, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

गैरसमज : सरकारी योजना, म्हणजे जोडणी फुकट

पंचायतीपर्यंतचं जाळं सरकारी पैशातून उभं राहतं. हा पैसा मुख्यतः ज्या निधीतून येतो, त्याचं पूर्वीचं नाव ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’, आताचं ‘डिजिटल भारत निधी’. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के त्यात भरतात. म्हणजे पुण्यात बसून केलेल्या रिचार्जचा एक छोटा हिस्सा मेळघाटातल्या चरात उतरतो.

घरातली जोडणी मात्र नेहमीच्या ग्राहकासारखीच, मासिक पैसे भरून. रिचार्ज संपला की नेट थांबतं.

गैरसमज : पाऊस पडला की फायबर बिघडतो

तांब्याच्या टेलिफोन तारेबाबत हे खरं होतं. जोडात पाणी शिरलं की खरखर सुरू. ऑप्टिकल फायबर काचेचा असतो. त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक, आणि त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. पाण्याने तो ‘शॉर्ट’ होत नाही. काचेतून वीज वाहत नसल्याने आभाळातली वीजही त्या काचेवाटे घरात येत नाही. ती येते अडॅप्टरच्या, म्हणजे विजेच्या वायरीतून. म्हणून गडगडाट सुरू झाला की काढायचा तो प्लग.

पावसाळ्यात नेट जातं ते वेगळ्या कारणांनी. फांदी पडते, खांब कलतो, दरड केबल ओढून नेते. आणि पावसाळ्याआधी येतो केबलचा खरा वैरी, जेसीबी. रस्ता रुंदीकरण, जलवाहिनी, गटार असं काहीही खणताना केबल तुटते. दूरसंचार विभागाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे दहा लाख ठिकाणी फायबर असा तुटतो आणि नुकसान जवळपास तीन हजार कोटींचं होतं. खणण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावं म्हणून मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲपही आलं.

जुन्या रचनेत पंचायती एकाच सरळ फांदीवर असत. तालुक्याजवळ एक घाव पडला की पुढच्या सगळ्या पंचायती बंद. सुधारित कार्यक्रमात तालुका ते पंचायत जाळं वर्तुळासारखं आखलं आहे. एका बाजूने तुटलं, तर वाहतूक उलट्या बाजूने फिरते. हा बदल कागदावर किरकोळ वाटतो, पण नेट दोन मिनिटं जाणार की दोन दिवस, हे त्यावर ठरतं.

गैरसमज : लाईट गेली तरी फायबर चालतो, जुन्या फोनसारखा

जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून त्याच तांब्याच्या तारेने मिळायची. म्हणून अंधारातही डायल टोन यायचा. काचेतून वीज पाठवता येत नाही. घरातल्या पेटीला, जिला सगळे मॉडेम म्हणतात, स्वतःची वीज लागते. ती साधारण १२ व्होल्टवर चालते, त्यामुळे छोटा राउटर-यूपीएस काही तास ती धरून ठेवतो. पण भारनियमनात पंचायतीतल्या पेटीची बॅटरी बसली आणि गावाचं नेट तिथूनच येत असेल, तर घरातला यूपीएस काय करणार?

गैरसमज : १०० एमबीपीएसचा प्लॅन, म्हणजे मोबाइलवर १००

आधी एकक. वेग मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसवर फाइल उतरते सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. कुणी फसवलेलं नाही.

मग वाटणी. जीपॉन या प्रचलित तंत्रात एका फायबरवरचा प्रकाश स्प्लिटर नावाच्या डबीत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो आणि सुमारे २.५ जीबीपीएस सगळ्यांत मिळून असतात. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, त्यामुळे एरवी निभावून जातं. क्रिकेटचा सामना रंगात आला की मात्र जाणवतं. त्यातही पंचायतीच्या वरची वाट अरुंद असेल, तर घरापर्यंतचा फायबर कितीही रुंद असला तरी कोंडी वरच होते.

आणि शेवटी भिंत. मॉडेम ओटीवर, मोबाइल माजघरात आणि मध्ये दोन फुटांची दगडी भिंत. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे दम तोडतो, २.४चा थोडा आत शिरतो पण वेग कमी. वरचे पत्रेही लहरी अडवतात. मॉडेमला लॅन केबल लावून लॅपटॉपवर वेग मोजला, तर दोष फायबरचा की भिंतीचा, ते पाच मिनिटांत कळतं.

गैरसमज : ५जी आलं, सॅटेलाइट येतंय, आता केबल कशाला?

५जीचा सिग्नल हवेतून येतो तो टॉवरपासून मोबाइलपर्यंतच. टॉवरपासून पुढे एवढा डेटा नेण्यासाठी फायबरसारखी रुंद वाट दुसरी नाही. म्हणूनच डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने फायबर जोडलेल्या टॉवरांचं प्रमाण ३० वरून ७० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य ठेवलं. देशातली ब्रॉडबँड जोडणी आजही मुख्यतः मोबाइलवरचीच आहे. २०२४च्या अखेरीस सुमारे ९४ कोटी ग्राहकांपैकी तारेचे जेमतेम चार कोटी होते.

सॅटेलाइटची जागा वेगळी. जंगल, डोंगर आणि दहा घरांचा पाडा, जिथे केबल नेणं परवडत नाही, तिथे तो उपयोगी. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे जिल्हे आहेत.

नेट गेलं की आधी काय बघायचं?

घरातल्या पेटीवरचे दिवे. ‘पॉवर’ विझलेला असेल, तर अडॅप्टर किंवा लाईट. ‘लॉस’ लाल लुकलुकत असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. कुठे तरी केबल तुटली आहे, किंवा दारामागे कुणी खिळा ठोकून ती करकचून वाकवली आहे. काचेला तीव्र वळण सोसत नाही, प्रकाश तिथेच बाहेर गळतो. ‘पॉन’ हिरवा, स्थिर असूनही नेट नसेल, तर रिचार्ज, वायफाय किंवा वरची वाहिनी तपासायची. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून प्रकाश दिसतो का हे मात्र बघू नये. तो लेझर अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

‘नेट गेलंय’ एवढंच ऐकल्यावर लाइनमन फोनवरून आधी मॉडेम बंद-चालू करायला सांगतो. ‘लॉसचा लाल दिवा लागलाय’ असं ऐकलं, की तो मीटर आणि जोड मारायचं मशीन गाडीला अडकवूनच निघतो.