मंच सुटला आणि टेप फिरू लागली

15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर 55 हजारांवर माणसं होती आणि गिटारच्या मागे 100 वॉटचे अँप्लिफायर. आज आमच्याकडे गल्लीतल्या गणपतीपुढे ऑर्केस्ट्रा असला तरी याहून कितीतरी मोठा साउंड मागवतात. गाण्याचा आवाज सोडला होता स्टेडियमच्याच भोंग्यांतून, म्हणजे ज्यांतून एरवी बेसबॉलच्या खेळाडूंची नावं पुकारली जायची. मंचावर स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर नव्हते. समोरून किंकाळ्यांची भिंत. ड्रमवर बसणारा रिंगो स्टार पुढे सांगायचा, की पुढच्या तिघांच्या पाठी कशा हलतात ते बघून गाणं कुठवर आलंय याचा अंदाज घ्यावा लागे.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. टेपच्या जमान्यात मुंबईच्या स्टुडिओंत असिस्टंट म्हणून शिरलो, केबली गुंडाळत आणि टेप लावत काम शिकलो. बीटल्सनी दौरे का थांबवले याची कारणं सांगताना लोक धमक्या सांगतात, थकवा सांगतात. ती कारणं खरीच आहेत. पण माझ्या लेखी मुख्य कारण आवाजाचं आहे. ज्या वादकाला आपलंच वाजवणं ऐकू येत नाही, त्याने रोज कशासाठी वाजवायचं?

1966 च्या उन्हाळ्यात तर सगळंच अंगावर आलं. मनिलात इमेल्डा मार्कोसच्या मेजवानीला हे लोक गेले नाहीत, त्याचा अपमान वाटून विमानतळावर जमाव त्यांच्यावर धावून गेला. तिकडे अमेरिकेत जॉन लेननचं जुनं वाक्य पुन्हा छापून आलं, बीटल्स आता येशूपेक्षा लोकप्रिय आहेत अशा अर्थाचं. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांच्या रेकॉर्डींच्या होळ्या पेटल्या. मेम्फिसच्या कार्यक्रमात कुणीतरी फटाका फोडला, तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे वळून पाहिलं, गोळी कुणाला लागली म्हणून. 29 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये जेमतेम अर्ध्या तासात अकरा गाणी वाजवून ते उतरले, आणि तो त्यांचा तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम ठरला. पॉल मॅकार्टनीने प्रसिद्धी सांभाळणाऱ्या टोनी बॅरोला तो कॅसेटवर टिपायला सांगितलं होतं. शेवटच्या गाण्यात कॅसेट संपली.

त्या दौऱ्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ऑगस्टच्या 5 तारखेलाच त्यांचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा नवा अल्बम बाजारात आला होता, आणि त्यातलं एकही गाणं त्यांनी अमेरिकेत मंचावर वाजवलं नाही. वाजवणार कसं? त्यात उलटी फिरवलेली गिटार होती, टेपच्या गोल जोडलेल्या तुकड्यांचे आवाज होते. केन टाउनसेंड नावाच्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने त्याच सुमारास एक युक्ती काढली होती. गायकाचा एकच आवाज दुसऱ्या टेपयंत्रावरून किंचित मागेपुढे करून पुन्हा मिसळायचा, की दोनदा गायल्यासारखा भरीव वाटतो. मंचावर हे काही शक्य नव्हतं. म्हणजे बँडचा एक पाय स्टुडिओत पोचलाच होता, दुसरा तेवढा विमानतळावर अडकला होता.

दौरे थांबले आणि चौघांना काही वर्षांत पहिल्यांदा सलग सुट्टी मिळाली. जॉन सिनेमात काम करायला स्पेनला गेला आणि तिथे मोकळ्या वेळात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ लिहू लागला. पॉलने ‘द फॅमिली वे’ या चित्रपटासाठी संगीत केलं. जॉर्ज हॅरिसन आला आमच्या मुंबईत. सप्टेंबरात सॅम वेल्स अशा खोट्या नावाने तो ताजमहाल हॉटेलात उतरला आणि पंडित रविशंकरांपुढे सतार घेऊन बसला. ओळख लपावी म्हणून मिशीही वाढवली होती. मुंबईत असली बातमी किती दिवस लपणार! पत्ता फुटला, हॉटेलपुढे गर्दी जमली आणि गुरु-शिष्य काश्मीरला निघून गेले.

24 नोव्हेंबर 1966 च्या संध्याकाळी चौघं लंडनला अ‍ॅबी रोडवरच्या ई.एम.आय.च्या स्टुडिओत पुन्हा एकत्र आले. या कामाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना सांगतो. 1963 साली त्यांच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी याच इमारतीत एका दिवसात झाली होती. आता एकट्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ला महिना लागला.

गाण्याच्या दोन तऱ्हा तयार झाल्या. एक मवाळ, मेलोट्रॉनच्या बासरीसारख्या सुरांनी सुरू होणारी. दुसरी जोरकस, चार ट्रंपेट आणि तीन चेलो घेतलेली. जॉनला पहिलीची सुरुवात आवडली आणि दुसरीचा शेवट. त्याने निर्माता जॉर्ज मार्टिनला सांगितलं, दोन्ही जोडून टाक. मार्टिन म्हणाला, दोन्हींची पट्टी वेगळी आहे आणि लयही वेगळी. जॉनचं उत्तर साधारण असं होतं, की तू करशीलच काहीतरी.

टेप हाताळलेल्या माणसाला इथे रोमांच उभे राहतात. टेप हळू फिरवली की लय मंदावते आणि त्याबरोबर सूरही उतरतो, जोरात फिरवली की दोन्ही चढतात. संगणकावर आज या दोन गोष्टी सुट्या करता येतात. तेव्हा त्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. जलद असलेली तऱ्हा नशिबाने चढ्या पट्टीत होती. वेग जुळवायला गेले तर पट्टीही जवळ आली. मार्टिन आणि अवघ्या विशीतला ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ब्लेडने टेप तिरकी कापली आणि चिकटपट्टीने जोडली. तिरकी कापायची, म्हणजे जोड एकदम आदळत नाही, एका आवाजातून दुसऱ्यात सरकतो. गाण्यात साधारण एका मिनिटावर तो जोड आहे. हेडफोन लावून ऐका, जॉनचा आवाज तिथून किंचित जड होतो.

त्यांच्याकडे फक्त चार ट्रॅक होते हे विसरू नका. एक इंच रुंदीची टेप, तिच्यावर समांतर चार पट्टे. ड्रम, बेस, गिटार, गायन भरलं की जागा संपली. मग चारांचं मिश्रण करून ते दुसऱ्या यंत्रावरच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. याला स्टुडिओत बाउन्स म्हणतात. एकदा बाउन्स केलं की ड्रम मोठा झाला का, गिटार दबली का, याला इलाज नाही. शिवाय दर फेरीला टेपचा सूं आवाज वाढतो. त्यामुळे निर्णय तिथल्या तिथे, कानावर भरवसा ठेवून घ्यावा लागे. आता माझ्याकडे येणारी मुलं शेकडो ट्रॅक उघडून बसतात आणि काय ठेवायचं ते शेवटपर्यंत ठरवत नाहीत. चार ट्रॅकच्या त्या अडचणीने बीटल्सच्या गाण्यांना जी घट्ट वीण दिली, ती मला आजच्या पुष्कळ कामांत सापडत नाही.

‘अ डे इन द लाइफ’ घ्या. त्याच्या मध्यावर 24 बारांचा, म्हणजे आवर्तनांचा, खंड त्यांनी कोराच ठेवला होता. तिथे काय येणार ते ठरलं नव्हतं. दौऱ्यांत सामान वाहणारा त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स तेवढा मोठ्याने आकडे मोजत होता, आणि शेवटी गजराचं घड्याळ वाजत होतं. 10 फेब्रुवारी 1967 ला तिथे 40 जणांचा वाद्यवृंद बोलावला. मार्टिनने सांगितलं, आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरावरून निघा आणि खंड संपेपर्यंत वर चढा, मात्र शेजाऱ्याचं ऐकू नका. आयुष्यभर शेजाऱ्याशी जुळवून वाजवणाऱ्या माणसांना हे सांगणं किती अवघड असेल! तो वृंद पुन्हा पुन्हा टिपून एकावर एक चढवला. ट्रॅक पुरेनात, म्हणून टाउनसेंडने दोन टेपयंत्रं एकत्र चालवून दाखवली. एका यंत्राच्या ट्रॅकवर 50 हर्ट्झचा सूर टिपून त्यावर दुसऱ्याची मोटर हाकायची, अशी ती तोड होती.

शेवटच्या स्वरमेळासाठी जॉन, पॉल, रिंगो आणि मॅल इव्हान्स यांनी पियानोंवर एकदम हात टाकले. घुमारा विरत जाईल तसा एमरिक आवाज वाढवणारे फेडर वर वर सरकवत गेला. स्वर 40 सेकंदांहून जास्त टिकला. अगदी शेवटी फेडर इतके वर आहेत की खोलीतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. मॅलचं काम दौऱ्यात सामान चढवण्या-उतरवण्याचं. दौरे बंद झाले आणि तो माणूस शतकातल्या एका नामांकित स्वरमेळात वाजवून गेला.

मंच सुटल्यावर लोकांपुढे जायचं कसं, याचंही उत्तर त्यांनी काढलं. जानेवारी 1967 मध्ये केंटमधल्या नोल पार्कात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ गाण्यावर एक छोटा चित्रपट चित्रित केला आणि टीव्हीला दिला. त्यात वाजवण्याची नक्कलही नाही. झाड आहे, तारा जोडलेला पियानो आहे, उलटं धावणारं चित्रण आहे. ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमची कल्पनाही याच विचारातून आली. पॉलला केनियाहून परतताना विमानात सुचलं, की आपण दुसराच एखादा बँड असल्याचं सोंग घेऊ आणि त्या बँडचा कार्यक्रम म्हणून रेकॉर्ड काढू. माणसं घरी बसतील, रेकॉर्ड दौऱ्यावर जाईल. 1967 च्या मेअखेर ती दुकानात आली, आणि वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा तो पहिला रॉक अल्बम ठरला.

2020 च्या टाळेबंदीत जगभरचे बँड घरी अडकले तेव्हा मला हे सगळं फार आठवलं. तेव्हाही नाना प्रयोग झाले. मेटॅलिकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला कार्यक्रम चित्रित केला आणि 29 ऑगस्टला, म्हणजे कँडलस्टिकच्याच तारखेला, तो शेकडो ड्राइव्ह-इन थिएटरांत दाखवला. लोकांनी गाडीत बसून पाहिला. त्याने माणसांना धीर दिला, त्याचं मोल आहेच. माझ्या ओळखीच्या तरुण बँडांना मी मात्र हेच सांगत होतो, की फोनपुढे बसून मंचाची नक्कल करण्यापेक्षा मंचावर जे कधीच जमलं नसतं ते आता करा.

आता मनात सलणारी गोष्ट. मंचावर कोण वाजवतंय ते प्रेक्षकाला दिसतं. स्टुडिओत दिसत नाही. म्हणून तिथे रेकॉर्डच्या कव्हरवरचं नाव हीच वाजवणाऱ्याची एकमेव ओळख. ‘रिव्हॉल्व्हर’च्या कव्हरवर तबल्यासाठी अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे. ‘सार्जंट पेपर’मध्ये जॉर्जचं ‘विदिन यू विदाउट यू’ आहे, ज्यात दिलरुबा अ‍ॅना जोशी आणि अमृत गज्जर यांचा, तबला नटवर सोनींचा. कव्हरवर यांपैकी एकही नाव नव्हतं. एमरिकचंही नव्हतं, आणि ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी त्यालाच मिळालं. त्याच कव्हरच्या गर्दीत आधी महात्मा गांधींचं चित्र होतं. भारतात लोक दुखावतील म्हणून कंपनीने ते काढायला लावलं. भारताच्या भावनांची एवढी काळजी, आणि भारतीय वादकांच्या नावांना कव्हरवर दोन ओळी नाहीत. हे चुकीचं झालं, असं मी स्पष्ट म्हणतो.

जॉर्जने पुढे ते थोडंफार भरून काढलं. जानेवारी 1968 मध्ये तो फोर्टातल्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ चित्रपटाचं संगीत करायला आला. दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवलं होतं. रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आत येई. सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबल्यावर महापुरुष मिश्र, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियमवर रिजराम देसाड, शहनाईवर हनुमान जाधव. अल्बमवर ही नावं आली, काहींचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी आली. त्याच सत्रांत ‘द इनर लाइट’चं वादन टिपलं गेलं. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला निघालं. जॉर्जचं बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हे पहिलं गाणं, आणि त्याचं वादन मुंबईचं. त्या तबकडीवर मात्र वादकांची नावं नव्हती.

फोर्टातल्या त्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांची, यंत्रं सांभाळणाऱ्यांची मुलं-नातवंडं आज गिरगावापासून डोंबिवलीपर्यंत कुठेतरी असतील. घरात जुनी डायरी असेल, मानधनाची पावती असेल, एखादा फोटो असेल, तर कृपा करून जपून ठेवा. मागे तारीख, जागा आणि वादकांची नावं लिहा, आणि एखाद्या संग्राहकाला किंवा ग्रंथालयाला त्याची प्रत द्या.