दस्तऐवज-व्यवस्थापन प्रणालीतील प्रतिमा-रूपांतरण : अंतर्गत आज्ञेकडून कंटेनर-सेवेकडे

ग्रंथालये व अभिलेखागारे जुनी कागदपत्रे स्कॅन करतात, तेव्हा मूळ प्रत बहुधा टिफ स्वरूपात जतन केली जाते. बहुतेक ब्राउझर टिफ उघडत नाहीत; वाचकासाठी तिचे जेपीईजी वा पीडीएफ रूप करावे लागते. हे रूपांतरण कोठे घडावे, हा वरवर किरकोळ भासणारा प्रश्न आहे. २००५ साली स्थापन झालेल्या अल्फ्रेस्को या प्रणालीच्या आधारे तो समजून घेता येतो.

अल्फ्रेस्कोच्या आरंभीच्या रचनेत संस्थेला विशेष रूपांतरण हवे असल्यास, उदाहरणार्थ प्रतिमेवर संस्थेचे नाव उमटवायचे असल्यास, एक्सएमएल धारिकेत इमेजमॅजिकची आज्ञा लिहून ठेवली जाई व मुख्य सर्व्हरच ती चालवी. सोय मोठी होती, धोकाही तितकाच. एखादे अवाढव्य स्कॅन संपूर्ण सर्व्हरची स्मृती व्यापू शके. मे २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या 'इमेजट्रॅजिक' या त्रुटीने तर दाखवून दिले की, हेतुपुरस्सर घडविलेली एक प्रतिमा सर्व्हरवर परक्या आज्ञा चालवू शकते. ज्या यंत्रावर मूळ अभिलेख, त्याच यंत्रावर अनोळखी प्रतिमा उलगडणे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे.

२०२१ च्या सातव्या आवृत्तीत जुने अंतर्गत रूपांतरक काढून टाकण्यात आले. त्यांच्या जागी कंटेनरमध्ये चालणारी स्वतंत्र रूपांतरण-इंजिने आली. इंजिन एचटीटीपीद्वारे धारिका व पर्याय स्वीकारते आणि तयार रूप परत करते. कोणत्या स्वरूपातून कोणत्या स्वरूपात रूपांतर शक्य आहे, कमाल आकार किती, प्राधान्य काय, हे ते स्वतःच जेसन स्वरूपात जाहीर करते. मुख्य प्रणालीस केवळ त्याचा पत्ता द्यावा लागतो. इंजिन कोसळले तरी भांडार चालू राहते. मूळ प्रत अबाधित असल्याने रूपे पुन्हा करता येतात. मात्र असे इंजिन अंतर्गत जाळ्यापुरतेच मर्यादित ठेवणे अगत्याचे.

स्थलांतरात खरी अडचण येते ती आज्ञेबरोबर न लिहिलेल्या गोष्टींची. जुन्या सर्व्हरवर कोणीतरी, केव्हातरी देवनागरी टंक बसविलेला असतो. त्याची नोंद कोठेच नसते. कंटेनरमध्ये मात्र जे मुद्दाम घातले तेवढेच असते. टंक नसेल तर मराठी नावाऐवजी रिकाम्या चौकटी उमटतात. टंक असूनही भागत नाही : इमेजमॅजिकला अक्षरजुळणीचे साहाय्यक ग्रंथालय, म्हणजे रॅक्म अथवा पँगो, जोडलेले नसल्यास जोडाक्षरे फुटतात व ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे सरकते. कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. रूपांतरण 'यशस्वी' दाखविले जाते. म्हणून चाचणीसाठी इंग्रजी नमुना पुरेसा नाही. 'विद्यार्थिनी', 'श्रीक्षेत्र' यांसारखे शब्द असलेल्या धारिका घेऊन जुने व नवे रूप डोळ्यांनी ताडून पाहावे, आणि त्यानंतरच जुना सर्व्हर बंद करावा.