‘आम्ही’ सोडून ‘मी’ लिहिताना

फौजेतला जवान निवृत्त होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचे वय पस्तीस ते चाळीसच्या घरात असते. गावाच्या लेखी तो पेन्शनर झालेला असतो. पण घरात मुलांच्या फिया असतात, आईवडिलांची दुखणी असतात आणि पाऊस रुसला की परभणीकडची कोरडवाहू शेती किती साथ देते, हे वेगळे सांगायला नको. दुसरी नोकरी ही त्याची हौस नसते, गरज असते. त्या नोकरीच्या दारात पहिल्यांदा पुढे करायचा कागद म्हणजे बायोडाटा. आणि सीमेवर न डगमगलेला माणूस नेमका या कागदापुढे अडखळतो.

बँकेच्या नोकरीत माझी उमेद लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे माजी सैनिक आपले कागद दाखवायला येऊ लागले. त्यातले एक हवालदार जिंतूर तालुक्यातले. नोकरी सतरा वर्षांची आणि मजकूर सहा ओळींचा. नाव, जन्मतारीख, दहावी पास, पलटण, हुद्दा आणि शेवटी ‘कोत एनसीओ, तीन वर्षे’. अर्ज होता मानवतकडच्या एका जिनिंगमधले गोदाम सांभाळण्यासाठी. तिथून उत्तर आले होते की, वॉचमनची जागा आहे, हवी तर या.

“कोत म्हणजे काय?” मी विचारले.

“हत्यारखाना, साहेब.”

“तिथं तुमचं काम काय असायचं?”

“काय असणार? हत्यारं द्यायची, परत घ्यायची.”

खोदून विचारल्यावर हळूहळू उलगडले. प्रत्येक हत्याराला क्रमांक. देताना सही, घेताना तपासणी. रोज मोजणी, रोज रजिस्टर. एक नग कमी भरला तर अख्खी कंपनी झोपत नाही. तीन वर्षांत त्यांची मोजणी एकदाही चुकली नव्हती. मला आमची तिजोरी आठवली. दोन माणसांच्या दोन किल्ल्यांशिवाय ती उघडत नाही आणि दिवसाची रोकड जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नाही. गुण तोच. पण ‘कोत’ या दोन अक्षरांत तो जिनिंगच्या मालकाला दिसावा कसा?

“मग हे लिहिलं का नाही?”

“त्यात माझं काय, साहेब? हुकूम होता, आम्ही केलं.”

खरी गाठ इथे आहे. फौज माणसाला ‘आम्ही’ म्हणायला शिकवते. पलटण जिंकते, पलटण सोसते. एकट्याने पुढे येऊन ‘हे मी केले’ म्हणणे तिथे उथळपणाचे मानतात. बायोडाट्याला मात्र ‘मी’ हवा असतो. जवानाला ती बढाई वाटते. मी त्यांना सांगितले, ही बढाई नव्हे, हिशेब आहे. पासबुकात जमा रक्कम लिहिली म्हणून कोणी गर्विष्ठ ठरत नाही.

मग आम्ही तो कागद नव्याने लिहिला. ‘क्रमांकित साठ्याची तीन वर्षे जबाबदारी, रोजची देवघेव, नोंद आणि मोजणी, एकदाही तूट नाही.’ ‘दहा जणांच्या तुकडीचे प्रमुख, कामाची वाटणी, शिस्त, रजा आणि तक्रारी.’ हत्यारे कोणती, किती, पलटण कुठे होती, यातले काहीच नाही. ती माहिती देशाची. कामाची सवय मात्र आपली.

हक्काच्या गोष्टीही पुष्कळांना ठाऊक नसतात. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ‘क’ गटातल्या, पदवीची अट असलेल्या पण तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या जागांसाठी पात्र धरता येते. वयातून सेवेची वर्षे वजा होतात, वर तीन वर्षांची सवलत मिळते. सरकारी बँकांत कारकुनांच्या १४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवणे ही पहिली पायरी.

हवालदारांना नोकरी मिळाली ती तिसऱ्या ठिकाणी, आणि पगारही मनासारखा नव्हता. पण खुर्ची गोदामातल्या टेबलामागची होती, दाराबाहेरचे स्टूल नव्हते. पहाऱ्याचे काम हलके मुळीच नाही. बँकेच्या दारातल्या बंदूकधारी फौजीच्या भरवशावर आम्ही निर्धास्तपणे नोटा मोजल्या आहेत. पण फौजेतून आलेल्या प्रत्येकाला तेवढे एकच दार दाखवायचे, हे बरे नाही.

हा प्रश्न आता वाढणार आहे. २०२२ साली अग्निपथ योजना आली. तिच्यातल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के फौजेत कायम होतील. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर गावी परततील. गाठीला सेवानिधीची रक्कम असेल, पेन्शन नसेल. त्यांच्या कागदावर सतरा नव्हे, चारच वर्षे असतील. म्हणून त्यांनी आतापासूनच एक साधी वही ठेवावी. कोणते काम शिकलो, कशाची जबाबदारी घेतली, कोणते प्रमाणपत्र मिळाले, ते तारखेसह लिहावे. चार वर्षांनी आठवू म्हटले तर उरते फक्त ‘ड्यूटी केली’.

आणि टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या आपल्यासारख्यांनीही थोडे शिकावे. समोरच्या कागदावर अनोळखी शब्द दिसला, तर अर्ज बाजूला सारण्याआधी विचारावे, “म्हणजे नेमके काय करत होता?” फौजी आपणहून सांगणार नाही. विचारले तर मात्र खोटे बोलणार नाही.